स्प्रेची परीक्षा घ्या, पण प्रश्नपत्रिका बदला

वाचकाची अडचण : वय ४४, राहणार पुणे, नोकरी चाकणच्या एका कारखान्यात, रोजचं जाणं-येणं दुचाकीवर. नाक दहा वर्षांपासून चोंदलेलं. ऑगस्ट ते ऑक्टोबर तर विचारूच नका. सहा वर्षं रोज रात्री नाक उघडणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब नाकात टाकतात, त्याशिवाय झोप लागत नाही. घोरण्याला कंटाळून पत्नी हॉलमध्ये झोपायला गेली. तिच्याच आग्रहाने घरी मशीन लावून झोपेची तपासणी केली (‘त्या रात्रीही थेंब टाकलेच होते, नाहीतर झोपच आली नसती’). रिपोर्ट आला : सौम्य स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडकण्याचा विकार), एएचआय (तासाला सरासरी किती वेळा श्वास अडकतो किंवा मंदावतो तो आकडा) ९. डॉक्टर म्हणाले, सीपॅप मशीनची (झोपेत नाकावाटे हवेचा दाब देणाऱ्या) आत्ता गरज नाही. वजन ८४ किलो आहे, ते थोडं उतरवा आणि नाकाकडे बघा. त्यांनी दिलेला स्टिरॉइड स्प्रे चार दिवस मारला. फरक दिसेना आणि ‘स्टिरॉइड’ या शब्दाची धास्ती, म्हणून बंद केला. आता टेबलावर चार बाटल्या आहेत : तो स्टिरॉइड स्प्रे, सलाइनचा स्प्रे, मित्राने सुचवलेला अ‍ॅलर्जीचा स्प्रे आणि सासूबाईंनी दिलेलं अणुतेल (नाकात सोडायचं आयुर्वेदिक तेल). न्यू जर्सीचे मेहुणे सांगतात की खास अ‍ॅप्नियावरचाच स्प्रे येऊ घातलाय. यांचा बेत असा : प्रत्येक बाटली एकेक आठवडा वापरायची, मोबाइलवर घोरणं मोजणारं अ‍ॅप लावायचं, ज्या आठवड्यात घोरणं सर्वांत कमी तो स्प्रे कायमचा. प्रश्न दोन : सुरुवात कोणत्या बाटलीने करू? आणि स्प्रेवर भागलं तर मशीन कायमचं टळेल ना?

नमस्कार,

चार बाटल्या, चार आठवडे, एक अ‍ॅप. बेत वाचून हसू आलं आणि बरंही वाटलं. कान-नाक-घशाच्या दवाखान्यात इतकी वर्षं बसते आहे. बहुतेक जण पाचव्या बाटलीचं नाव विचारायला येतात, आणि आधीच्या चारांचं काय झालं हे त्यांना आठवतही नसतं. तुम्ही निदान मोजायचं म्हणताय. कारखान्यात क्वालिटीचं काम बघत असाल असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर तुमच्याच भाषेत विचारते : माप घ्यायच्या आधी गेज तपासलंत का?

कारण तुमच्या पत्रातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य तुम्ही कंसात टाकलंय. तपासणीच्या रात्रीही थेंब टाकले होते. म्हणजे एएचआय ९ हा आकडा चोंदलेल्या नाकाचा नाही. निदान रात्रीच्या पहिल्या काही तासांत तरी नाक मोकळं होतं, आणि तरीही श्वास अडकत होता. रिपोर्टच्या मागच्या पानांवर तासागणिक आलेख असतो, तो काढून बघा. श्वास अडकल्याच्या खुणा पहाटेच जास्त आहेत, की झोपल्यापासूनच सारख्या पसरल्यात? सहा वर्षं सवय झालेल्या नाकात थेंबांचा जोर पहाटेपर्यंत पुरत नाही. खुणा पहाटेकडे झुकलेल्या असतील तर नाकाचा वाटा मोठा असू शकतो. मात्र पहाटे स्वप्नांची झोपही जास्त असते, तेव्हा घशाचे स्नायू आणखी सैल पडतात, म्हणून त्यावरून लगेच निकाल लावू नका. खुणा पहिल्या तासापासून सारख्याच असतील तर उत्तर बरंचसं मिळालं : नाक उघडलं म्हणून घसा उघडतो असं नाही.

तुमचा सगळा बेत याच एका गृहीतकावर उभा आहे, म्हणून थोडं थांबून सांगते.

शहाळ्यात हल्ली कागदी नळी देतात. अर्धं पाणी संपेपर्यंत ती मऊ पडते. मग तळाच्या टोकाला मलई अडकली की आपण जोर लावून ओढतो, आणि जितकं जोरात ओढावं तितकी नळी मधेच चपटी होते. अडथळा टोकाला, मिटते मधे. मलई म्हणजे तुमचं चोंदलेलं नाक. मधला मऊ कागद म्हणजे घसा : मऊ टाळू, पडजीभ, जिभेचं मूळ. स्लीप अ‍ॅप्नियात श्वास बंद पडतो तो इथे, नाकात नव्हे. मलई काढली की ओढ कमी लावावी लागते, नळी कमी मिटते, तोंड उघडं टाकून झोपणं कमी होतं आणि जबडा मागे पडत नाही. एवढा फायदा खरा आहे, आणि तो लहान नाही. पण कागद मऊ पडलाय तो पडलाच आहे.

हे नुसतं उदाहरण नाही, मोजून पाहिलेलं आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेला फ्लुटिकासोन या स्टिरॉइड स्प्रेचा एक छोटा, नेटका अभ्यास आहे. घोरणारे २३ जण, सगळ्यांना तुमच्यासारखाच नाकाचा त्रास, त्यांतल्या १३ जणांना अ‍ॅप्निया. प्रत्येकाने चार आठवडे खरा स्प्रे मारला आणि चार आठवडे औषध नसलेला. अ‍ॅप्निया असलेल्यांचा मधला (मीडियन) एएचआय नकली स्प्रेवर ३० च्या आसपास होता, खऱ्या स्प्रेवर २३ वर आला. नाक मोकळं झालं, श्वास अडकणं कमी झालं. घोरण्याचा आवाज मात्र जिथल्या तिथे.

पुन्हा वाचा. श्वास सुधारला, आवाज नाही. आणि तुम्ही चारही बाटल्यांचा निकाल आवाजावर लावणार आहात. या २३ जणांनी तुमचं अ‍ॅप वापरलं असतं तर उपयोगी पडत असलेला स्प्रे त्यांनी कचऱ्यात टाकला असता. उलटीही चूक होते. अ‍ॅप्नियातला वाईट क्षण शांत असतो : घोरणं एकदम थांबतं, दहा-वीस सेकंद काहीच नाही, मग दचकून जोराचा श्वास. अ‍ॅपला ती शांतता म्हणजे प्रगती वाटते. तुमच्या पत्नीला ती कधीच प्रगती वाटली नसणार, म्हणून तर तपासणीचा आग्रह तिने धरला.

मग अ‍ॅपऐवजी एएचआय पुन्हा मोजू, असं तुम्ही म्हणाल. तिथेही एक गोम आहे. ३० वरून २३ म्हणजे साधारण पावभाग घट. तुमच्या ९ मधून पावभाग गेला तर उरतात पावणेसात. सौम्य अ‍ॅप्नियात काहीही न बदलता आज ५ आणि परवा ११ येऊ शकतात. पाठीवर किती वेळ झोपलात, रात्री दोन पेग झाले होते का, सर्दी होती का, एवढ्यावर आकडा हलतो. त्यातून घरच्या मशीनला तुम्ही झोपलेले होतात की कूस बदलत जागे पडला होतात हे कळत नाही. चालू असलेल्या सगळ्या तासांनी ते भागाकार करतं, त्यामुळे तुमचा खरा आकडा नऊपेक्षा थोडा जास्तच असण्याची शक्यता. ज्या फुटपट्टीची रेघच दोन-तीन मिलिमीटर जाड, तिने दोन मिलिमीटरची झीज मोजायची कशी? स्प्रेने काम केलं तरी एका रात्रीच्या आकड्यात ते दिसेलच असं नाही, आणि आकडा उतरला तरी तो स्प्रेमुळेच उतरला असंही नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : स्प्रेला नाकाचे आणि दिवसाचे प्रश्न विचारा. अ‍ॅप्नियाचा पेपर वेगळा ठेवा.

नाकाचा प्रश्न सोपा आहे. सकाळी उठल्याबरोबर, दात घासायच्या आधी, वहीत दोन आकडे लिहा : डावी नाकपुडी किती बंद, उजवी किती बंद, शून्य ते दहा. शेजारी एकच शब्द : तोंड कोरडं की ओलं. तोंड कोरडं म्हणजे रात्रभर तोंडाने श्वास घेतलात. दिवसाचा प्रश्न म्हणजे पेंग. त्यासाठी एपवर्थ मोजपट्टी आहे, मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये मांडलेली. आठ साधे प्रसंग : वाचत बसलेले असताना, टीव्ही बघताना, तासभर गाडीत मागे बसून जाताना, दुपारी जेवण झाल्यावर शांत बसलेले असताना, वगैरे, प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन. (जेवणानंतरचा प्रश्न आपल्याकडे विचारणं अन्यायाचंच, पण उत्तर प्रामाणिक द्या.) एकूण २४ पैकी दहाच्या वर गेलात तर पेंग नेहमीपेक्षा जास्त. दर दुसऱ्या रविवारी भरा, आणि तोच कागद पत्नीलाही तुमच्याबद्दल वेगळा भरायला द्या. नवऱ्याचे गुण नेहमी दोन-चारने कमी निघतात, हा माझा दवाखान्यातला अनुभव. आपण पेंगतो हे पेंगणाऱ्यालाच शेवटी कळतं.

आता बाटल्यांकडे. टेबलावरच्या चार बाटल्या तुम्ही मोजल्यात, उशाजवळची पाचवी मोजलीच नाहीत. सुरुवात तिथूनच करायची.

झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आक्रसून पाच-दहा मिनिटांत नाक उघडतात. म्हणूनच ते इतके लाडके आहेत. ते तीन ते पाच दिवसांसाठी असतात; जास्त वापरले की औषधाचा जोर ओसरताच आतलं अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं, मग पुन्हा थेंब, पुन्हा सूज. तुमचं दहा वर्षांचं चोंदलेलं नाक आणि सहा वर्षांचे थेंब यांतलं किती दुखणं मूळचं आणि किती थेंबांनी दिलेलं, हे थेंब चालू असेपर्यंत कोणालाच सांगता येणार नाही. आणि अ‍ॅप्नियावर त्यांचा उपयोग म्हणाल, तर २००८ साली झुरिकच्या डॉक्टरांनी नाक चोंदलेल्या अ‍ॅप्नियाच्या रुग्णांना नेमके हेच झायलोमेटाझोलिन रात्री देऊन पाहिलं. औषधाचा जोर सर्वांत जास्त असतानाच्या वेळात श्वास अडकणं थोडं कमी झालं. रात्रभराच्या हिशेबात ठळक फरक पडला नाही. म्हणजे तुमची सहा वर्षांची रोजची लाच नाकाला पोचली, घशाला नाही. शिवाय रक्तदाब असलेल्यांनी हे थेंब जपूनच वापरायचे असतात. पत्रात रक्तदाबाचा उल्लेख नाही. मोजला नसेल तर या आठवड्यात मोजा.

थेंब सोडायची एक जुनी युक्ती आहे, ती बहुतेकांना झेपते. एका वेळी एकच नाकपुडी सोडायची. जी कमी चोंदते तिच्यात थेंब टाकणं आजपासून बंद, दुसरीत चालू. बंद केलेली नाकपुडी तीन-चार रात्री छळेल, पण एक तरी उघडी असल्यामुळे जीव घाबरा होत नाही. आठवड्याभरात पहिली स्वतःच्या बळावर उघडू लागली की दुसरीतही बंद. उशाकडची बाजू थोडी उंच करून झोपा. एवढ्या वर्षांच्या सवयीनंतर अस्तर हट्टी झालं असेल तर डॉक्टर थोड्या दिवसांचं जास्तीचं औषध देतात. ते त्यांनीच द्यायचं, केमिस्टने नाही.

आणि ही सोडवणूक चालू असतानाच, त्याच दिवसापासून, तुम्ही चार दिवसांत टाकून दिलेला स्टिरॉइड स्प्रे पुन्हा सुरू करा. चार दिवसांत त्याला नापास करणं म्हणजे विरजण लावून दहा मिनिटांनी झाकण उघडणं. मोमेटासोन, फ्लुटिकासोन हे स्प्रे सूज हळूहळू उतरवतात; अंदाज यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, पुरता निकाल चार ते सहा आठवड्यांनी. तुमच्या बेतातला ‘एकेक आठवडा’ म्हणूनच चुकतो. त्या शर्यतीत थेंब आणि त्यांचे भाऊबंद नेहमी जिंकणार आणि खरं औषध नेहमी हरणार.

स्टिरॉइडची धास्ती समजू शकते. आपल्याकडे हा शब्द जिममधल्या इंजेक्शनांमुळे आणि दम्याच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाऊन चेहरा सुजलेल्या नातेवाइकांमुळे बदनाम आहे. गोळी सगळ्या अंगात जाते. या दोन स्प्रेंचं औषध रक्तात उतरण्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आहे. नाकात कोरडेपणा येतो, कधी घोळणा फुटतो. काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल, घरात काचबिंदू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायचं. एवढं लक्षात ठेवून महिना-दोन महिने वापरायला घाबरू नका.

घोळणा फुटतो तो बहुतेक वेळा मारायच्या पद्धतीमुळे. आपण मान मागे टाकतो, नळी सरळ वर खुपसतो आणि जोरात हुंगतो. त्याने अर्धं औषध मधल्या पडद्यावर आपटतं, उरलेलं घशात जातं. घशात चव लागली तर समजा ते नाकात राहिलंच नाही. बाटली हलवा. मान किंचित खाली, जमिनीकडे बघा. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारा. टोक आपोआप बाहेर, त्याच बाजूच्या कानाकडे वळतं. हलकाच श्वास. नंतर पंधरा-वीस मिनिटं नाक शिंकरू नका. एवढं सुधारल्यावर ‘हा स्प्रे तर लागू पडला’ म्हणणारे कितीतरी जण मी पाहिलेत. औषध तेच होतं.

सलाइन हा स्टिरॉइडचा प्रतिस्पर्धी नाही, झाडूवाला आहे. आधी मिठाच्या पाण्याने नाक धुवा, शिंकरा, दहा मिनिटांनी स्प्रे मारा. छोट्या सलाइन स्प्रेपेक्षा पिळायची बाटली किंवा जलनेती जास्त स्वच्छ करते. पाणी मात्र उकळून गार केलेलंच. नळाचं नको, ‘फिल्टरचं आहे’ म्हणूनही नको. २०११ साली अमेरिकेत लुइझियानात दोन जण नळाच्या पाण्याने नेती करून मेंदूत शिरलेल्या अमीबाने दगावले. प्रकार अत्यंत विरळ, पण पाणी उकळायला पाच मिनिटं लागतात. मग तुम्ही विचाराल की दोन्ही एकदम सुरू केल्यावर गुण कोणाचा हे कसं कळणार? नाही कळणार. तुम्हाला प्रबंध लिहायचा नाहीये, झोपायचं आहे. या दोघांची जोडी एक उपचार म्हणून मोजा. एका वेळी एकच बदल हा नियम त्यानंतरच्या बदलांना लावा.

तिसरी बाटली, अ‍ॅलर्जीचा स्प्रे. शिंका, खाज, पाणी गळणं असेल तर अ‍ॅझेलास्टिन चांगलं काम करतं, पंधरा मिनिटांत. चव कडू. तुम्ही फक्त चोंदण्याबद्दल लिहिलंय, शिंकांबद्दल एक शब्द नाही. म्हणून ती सध्या कपाटात. सहा आठवड्यांच्या वहीत सकाळच्या शिंका दिसल्या तर बाहेर काढू. ऑगस्ट ते ऑक्टोबर त्रास वाढतो या नोंदीवरून मात्र मला तुमच्या घराभोवतीचं गाजरगवत आणि ओलसर गादी या दोघांचा संशय येतो. देशात गाजरगवताची पहिली नोंद झाली ती पुण्यातच, १९५५ च्या सुमारास, आणि पावसानंतर रिकाम्या प्लॉटवर ते कसं माजतं हे तुम्हाला सांगायला नको. गवत तुम्ही स्वतः उपटायला जाऊ नका, निदान तोंडाला फडकं आणि हातात मोजे असल्याशिवाय. गादी-उशीला कडक ऊन दाखवणं, उशीचे अभ्रे आणि चादरी दर आठवड्याला कढत पाण्यात धुणं, हे आईने सांगितलं की जुनाट आणि अ‍ॅलर्जीतज्ज्ञाने सांगितलं की शास्त्रीय.

आता अणुतेल. सासूबाईंचं मन मोडू नका, पण रात्री झोपताना नाकात तेल किंवा तूप सोडू नका. आडवं असताना तेल घशातून फुप्फुसात उतरू शकतं आणि तिथे ते विरघळत नाही, न्यूमोनियासारखी सूज धरतं. नस्य करायचंच असेल तर वैद्याच्या देखरेखीखाली, दिवसा, आणि या सहा आठवड्यांनंतर.

मेहुण्यांचा स्प्रे अगदीच हवेतला नाही. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठात अशा एका स्प्रेवर काम झालंय. तो नाक उघडण्यासाठी नाहीच. नाकावाटे घशापर्यंत जाऊन तिथल्या नसांना चेतवतो, म्हणजे झोपेत घसा उघडा धरणारे स्नायू जागे राहावेत. चाचण्या मोजक्या लोकांवर झाल्यात. दुकानात तो मिळत नाही. त्या नावाने कोणी ऑनलाइन काही विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा. मेहुण्यांनी वजनाच्या इंजेक्शनाचंही सांगितलं असेल. टिर्झेपटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली, ती मध्यम ते तीव्र अ‍ॅप्निया आणि सोबत स्थूलता असलेल्यांसाठी. तुम्ही त्या रांगेत नाही.

मग घशाचं काय करायचं? रिपोर्टमध्ये ‘सुपाइन’ असा रकाना शोधा. उताणं झोपल्यावरचा आकडा तिथे असतो. सौम्य अ‍ॅप्नियातल्या बऱ्याच जणांचा उताणं असताना १५-२० आणि कुशीवर असताना ३-४ असा निघतो. तुमचा तसा असेल तर जुन्या बनियनला पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवा. बायको हसेल. पण तुमच्या टेबलावरच्या कुठल्याही बाटलीपेक्षा तो चेंडू घशाचं जास्त भलं करेल. दुसरं, वजन. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये शेकडो लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊन २००० साली जो हिशेब मांडला गेला, त्यात वजन दहा टक्क्यांनी उतरलं की एएचआय साधारण २६ टक्क्यांनी उतरत होता, आणि दहा टक्क्यांनी वाढलं की ३२ टक्क्यांनी चढत होता. तुमचे दहा टक्के म्हणजे जवळपास साडेआठ किलो. घट म्हणाल तर स्प्रेइतकीच, पण ती घशाची घट आहे, आणि स्प्रेच्या फायद्यावर वरून मिळते. तिसरं, रात्रीचं मद्य आणि सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या. दोन्ही घसा सैल करतात. नाक बंद आहे म्हणून रात्री सर्दीची गोळी घेणारे पुष्कळ आहेत.

‘नाकाचं हाड वाढलंय, ऑपरेशन करून टाकू’ हा पर्याय तुम्ही विचारला नाहीत, पण शेजारी विचारतीलच. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून एकदा दुर्बिणीने नाक आतून बघून घ्या. पडदा फारच वाकडा असेल, पॉलिप (नाकातल्या मऊ गाठी) असतील, तर स्प्रे तिथवर पोचतच नाही आणि सहा आठवडे फुकट जातात. ऑपरेशनने नाक मोकळं होतं. नुसत्या नाकाच्या ऑपरेशनने अ‍ॅप्निया बरा होतो असं सहसा होत नाही. कारण तुम्हाला आता माहीत आहे, कागदी नळी.

लहान मुलांच्या आई-बाबांसाठी जाता जाता. मुलांचं घोरणं वेगळं, तिथे बहुधा टॉन्सिल आणि अ‍ॅडिनॉइडचा (नाकामागच्या ग्रंथीचा) वाटा असतो. मेलबर्नमध्ये तीन ते बारा वर्षांच्या २७६ मुलांना सहा आठवडे कोणाला मोमेटासोन, कोणाला साधं सलाइन दिलं. २०२३ मध्ये निकाल आला : दोन्हीकडे दहातल्या साधारण चार मुलांचा त्रास मिटला. तेव्हा मुलासाठी डॉक्टरांशी बोलताना सलाइनचं आधी विचारा. मोठ्यांना हा निकाल जसाच्या तसा लावू नका.

तुमचा दुसरा प्रश्न राहिला. मशीन टळेल का? डॉक्टरांनी ते सांगितलेलंच नाही, आणि तुम्ही त्याच्यापासून आधीच पळताय. पळताना माणूस हाताला येईल ती बाटली धरतो. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हे मशीन मांडलं. ते करतं काय, तर नाकावाटे हवेचा हलका दाब देऊन मऊ नळी आतून फुगवून धरतं. ब्रिटनमधल्या एका चाचणीत, २०२० साली, अगदी सौम्य अ‍ॅप्निया असलेल्यांनीही तीन महिने ते वापरल्यावर त्यांना दिवसा जास्त तरतरी वाटली. म्हणजे ते अपयशाचं प्रमाणपत्र नाही. आणि पुढे कधी घ्यावंच लागलं, तर चोंदलेल्या नाकावर मुखवटा सहन होत नाही. आज नाकावर घेतलेली मेहनत तेव्हाही कामाला येईल. दातांवर बसवून खालचा जबडा पुढे धरणारं साधनही असतं. सौम्य अ‍ॅप्नियात ते चांगलं चालतं.

काही गोष्टींसाठी मात्र सहा आठवडे थांबू नका. सिग्नलला दुचाकीवर डोळा लागला, कंपनीच्या बसमध्ये नव्हे, हँडल हातात असताना, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आकडा ९ असो की ४, मग ते सौम्य राहत नाही. रक्तदाब गोळ्यांना दाद देत नसेल, रोज सकाळी डोकं ठणकत असेल, तरीही तसंच. आणि नाक एकाच बाजूने सतत बंद असून त्यातून रक्त किंवा घाण वासाचं पाणी येत असेल तर कुठलाच स्प्रे नको, आधी दुर्बिणीची तपासणी.

बाकी वेळापत्रक असं धरा. पहिले दोन आठवडे थेंब सोडण्यात जातील (स्प्रे मात्र पहिल्या दिवसापासूनच). ते दिवस वहीत लिहा, पण मोजू नका, कारण तेव्हा नाक रागावलेलं असतं. तिसऱ्या ते आठव्या आठवड्यापर्यंत धुणं, स्प्रे, सकाळचे दोन आकडे, आणि एपवर्थचे कागद. चेंडूचं बनियन पाचव्या आठवड्यापासून, म्हणजे त्याचा गुण वेगळा दिसेल. तिसऱ्या महिन्यात, जमलं तर सलग दोन रात्री, त्याच प्रकारच्या मशीनवर तपासणी पुन्हा करा. मद्य नको, सर्दी नसताना, आणि यावेळी थेंबांशिवाय. आकडा ९ चा ७ झाला की ११ झाला याने हुरळू किंवा खचू नका. १५ च्या वर गेला तर मात्र डॉक्टरांसमोर पुन्हा बसा.

अ‍ॅप काढून टाकायची गरज नाही. सकाळी त्यातलं रेकॉर्डिंग पत्नीला ऐकवा आणि विचारा, ‘मधे शांतता होते ती कुठे?’ तिला ती बरोबर सापडेल.